कार्कासोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्कासोन या बोर्ड गेमचे नियम पाच मिनिटांत सांगून होतात, पण पहिल्या डावात जरा वेळाने कुणीतरी "हे चालतं का?" असं विचारतंच. असे नेहमी पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मूळ संचाच्या आजच्या नियमांप्रमाणे आहेत. जुन्या आवृत्तीत काही वेगळं असेल, तर तिथे तसं सांगितलं आहे. डावपेचांबद्दलची मतं माझी आहेत आणि ती सगळी एका गोष्टीभोवती फिरतात: या खेळात टाइल्स सगळ्यांना जवळपास सारख्याच मिळतात, खरी चणचण असते ती मीपलची, म्हणजे आपल्या लाकडी माणसांची.

हा खेळ नेमका काय आहे?

मध्ययुगीन युरोपातला एक प्रदेश सगळ्यांनी मिळून टेबलावर उभा करायचा. प्रत्येक जण आपल्या पाळीला एक चौकोनी टाइल उचलतो आणि आधीच्या टाइल्सना जुळवून ठेवतो. त्यातून तटबंदीची शहरं, रस्ते, मठ आणि मधली शेतं तयार होत जातात. मग आपली छोटी लाकडी माणसं, म्हणजे मीपल, त्यावर बसवून गुण मिळवायचे. नकाशा सगळ्यांचा एकच असतो. स्वतःपुरता वेगळा पट कुणालाच नसतो, आणि खेळातली सगळी गंमत त्यामुळेच येते. तुम्ही ठेवलेली टाइल शेजारच्याच्या कामाची ठरू शकते, किंवा त्याची अडचणही होऊ शकते.

नाव कुठून आलं? कुणी बनवला?

कार्कासोन हे दक्षिण फ्रान्समधलं ओद नदीकाठचं तटबंदीचं शहर. दुहेरी तट, ५२ बुरूज, टोकदार छपरं. आज दिसणारं त्याचं रूप बऱ्याच अंशी १९ व्या शतकात वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक यांनी केलेल्या जीर्णोद्धाराचं आहे. १९९७ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. जर्मन खेळरचनाकार क्लाउस-युर्गेन व्रेडे यांना त्या भागातल्या भटकंतीत ही कल्पना सुचली, आणि हान्स इम ग्ल्युक या जर्मन प्रकाशनाने २००० मध्ये खेळ बाजारात आणला. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, त्याला ‘श्पील देस यारेस’ हा जर्मनीतला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला.

किती जण खेळू शकतात? किती वेळ लागतो?

मूळ संचात दोन ते पाच जण. नियम माहीत असतील तर डाव पाऊण तासात होतो. सगळे नवे असतील तर तास-सव्वा तास धरा. सात-आठ वर्षांचं मूल सहज खेळू शकतं. शेतकऱ्यांचा नियम तेवढा त्याला नंतर सांगा.

डब्यात काय असतं?

७२ टाइल्स. त्यातल्या सुरुवातीच्या टाइलची मागची बाजू वेगळ्या रंगाची असते. ती आधी मांडायची आणि बाकीच्या ७१ पालथ्या घालून मिसळायच्या. पाच रंगांचे प्रत्येकी ८ मीपल असतात, पण त्यातला एक गुणफलकावर चालतो, म्हणजे हातात उरतात सातच. गुणफलकावर ५० घरं असतात. फेरी पूर्ण केली की मीपल आडवा करा, म्हणजे पन्नास गुण लक्षात राहतात. नव्या आवृत्त्यांच्या डब्यात नदी आणि अ‍ॅबट (मठाधिपती) ही दोन छोटी विस्तारकं, म्हणजे मूळ खेळात भर घालणारे जादा भागही मिळतात, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

एका पाळीत काय काय करायचं?

टाइल उचला आणि ठेवा. हवं असेल तर त्याच टाइलवर एक मीपल ठेवा. त्या टाइलने काही पूर्ण झालं असेल तर गुण घ्या आणि तिथला मीपल परत हातात घ्या. एवढंच. मात्र हा क्रम मोडायचा नाही, कारण निम्मे वाद तिथूनच सुरू होतात. मीपल ठेवणं गुण मोजण्याच्या आधी येतं. त्यामुळे हातात एकही मीपल नसताना तुम्ही तुमचं शहर पूर्ण केलंत, तर तिथला मीपल परत मिळतो, पण तो त्याच पाळीत त्या टाइलवर ठेवता येत नाही. पुढच्या पाळीची वाट पाहावी लागते.

या क्रमाचा फायदाही आहे. समजा समोर कुणाचाच मीपल नसलेला शहराचा एक तुकडा पडून आहे आणि तुमच्या टाइलने तो पूर्ण होतो. मग टाइल ठेवा, मीपल ठेवा, गुण घ्या आणि मीपल लगेच उचला. सगळं एकाच पाळीत होतं आणि माणूस अडकत नाही. अशा संधी शोधत राहणं ही या खेळातली सगळ्यात चांगली सवय आहे.

मीपल आधीच्या टाइलवर ठेवता येतो का?

नाही. फक्त आत्ता ठेवलेल्या टाइलवर.

ठेवलेला मीपल हलवता किंवा उचलून घेता येतो का?

तोही नाही. शहर, रस्ता किंवा मठ पूर्ण होईपर्यंत तो तिथेच राहतो. अपवाद फक्त अ‍ॅबटचा.

टाइल कुठेच बसत नसेल तर?

ती बाजूला काढा आणि दुसरी घ्या. मूळ संचात हे फार क्वचित होतं. "मला हवी तिथे बसत नाही" आणि "कुठेच बसत नाही" यात फरक आहे. एक जागा जरी असेल तरी टाइल ठेवावीच लागते, मग ती दुसऱ्याच्या फायद्याची का असेना.

उचललेली टाइल इतरांना दाखवायची का?

दाखवावी. सगळ्यांना दिसेल अशी धरावी आणि सल्लाही द्यावा-घ्यावा. स्वतःच्या फायद्याचा सल्ला देणारा आणि मनापासून मदत करणारा, दोघंही खेळात रंग भरतात. घड्याळ लावून चाललेल्या स्पर्धेत हे अर्थातच चालत नाही.

शहर, रस्ता आणि मठ यांचे गुण कसे मोजतात?

रस्त्यावर बसलेल्या मीपलला वाटमाऱ्या म्हणा. रस्ता पूर्ण झाला की प्रत्येक टाइलला १ गुण. डाव संपताना अपुरा राहिला तरीही टाइलला १ गुणच, म्हणजे रस्ता अपुरा राहण्याने गुणांचं नुकसान होत नाही, फक्त मीपल अडकून पडतो.

शहरातला मीपल हा सरदार. पूर्ण शहराला प्रत्येक टाइलचे २ आणि शहराच्या चित्रात काढलेल्या प्रत्येक ढालीचे वर २ गुण. अपुरं राहिलं तर सगळं निम्मं: टाइलला १, ढालीला १. ढाली मूळ संचात एकूण १० आहेत.

मठ पूर्ण होतो तो भोवतीच्या आठही जागा भरल्यावर. त्याचे ९ गुण मिळतात, मठाची स्वतःची टाइल धरून. डाव संपताना अपुरा असेल तर मठाचा १ आणि भोवती जितक्या टाइल्स असतील तितके.

दोनच टाइल्सच्या शहराला किती गुण?

आजच्या नियमात ४, इतर शहरांसारखेच. पहिल्या आवृत्तीत अशा छोट्या शहराला फक्त २ गुण होते, आणि जुना संच घरात असलेले अजून तसंच खेळतात. सुरू करण्याआधी एकदा ठरवून घ्या. मला आजचा नियम जास्त न्याय्य वाटतो. जुन्या नियमात छोटं शहर पूर्ण करणाऱ्याला जणू दंडच बसायचा.

एकाच टाइलवर शहराचे दोन भाग आहेत. ते एकच शहर आहे का?

चित्र बघा. दोन भागांच्या मध्ये तट आणि हिरवळ असेल तर ती दोन वेगळी शहरं आहेत. समोरासमोरच्या बाजूंवर दोन वेगळे तुकडे असलेल्या ३ टाइल्स आहेत आणि लगतच्या बाजूंवर वेगळे तुकडे असलेल्या २. पुढे दुसऱ्या टाइल्समुळे हे दोन तुकडे फिरून एकाच शहरात मिळाले, तर गुण मोजताना ती टाइल एकदाच धरायची.

रस्ता नेमका कुठे संपतो?

चौकात किंवा तिठ्यावरच्या वस्तीपाशी, शहराच्या तटाशी किंवा मठाच्या दाराशी. दोन्ही टोकं अशी बंद झाली की रस्ता पूर्ण. रस्ता गोल फिरून स्वतःलाच मिळाला तरी पूर्ण.

दुसऱ्याच्या शहरात मीपल ठेवता येत नाही म्हणतात. मग एकाच शहरात दोघांचे सरदार कसे येतात?

हा प्रश्न सुटला की खेळ खरा कळायला लागतो, म्हणून सविस्तर सांगतो.

नियम असा आहे: जे शहर, रस्ता किंवा शेत आधीच कुणाच्या ताब्यात आहे, त्याला जोडलेल्या भागात नवा मीपल ठेवता येत नाही. स्वतःचा मीपल असला तरीही नाही. पण दोन वेगळे तुकडे वेगवेगळ्या लोकांच्या ताब्यात असतील आणि नंतर आलेल्या टाइलने ते जुळले, तर ते चालतं. म्हणजे घुसखोरी सरळ दारातून होत नाही, बाजूने होते. प्रतिस्पर्ध्याच्या मोठ्या शहराच्या जवळ, पण त्याला न चिकटता, एक जागा मोकळी सोडून शहराचा तुकडा ठेवायचा आणि त्यावर सरदार बसवायचा. मग मधल्या जागेत बसणारी टाइल मिळाली की दोन्ही तुकडे एक झाले, आणि तुम्ही त्याच्या शहराचे भागीदार झालात.

भागीदारीत गुण वाटून मिळत नाहीत. ज्यांचे मीपल सारखे आहेत त्यांना प्रत्येकाला पूर्ण गुण मिळतात. पण कुणाचा एक मीपल जास्त असेल तर सगळे गुण त्याचे आणि बाकीच्यांना शून्य. वीस गुणांच्या शहरात दोघांचा एकेक सरदार असताना तिसरा सरदार कुणाचा येतो यावर डाव फिरतो.

त्यामुळे घुसखोरी करणाऱ्याने मधल्या जागेला काय काय लागेल ते आधी बघावं. जी जागा तीन-चार प्रकारच्या टाइल्सनी भरू शकते तिथेच सरदार गुंतवावा. बचाव करणाऱ्याकडे दोन वाटा आहेत: मधली जागा अवघड होईल अशी टाइल शेजारी ठेवणं, किंवा स्वतःही दुसऱ्या बाजूने आणखी एक सरदार आणणं. पहिली वाट स्वस्त आहे, कारण तिच्यात मीपल जात नाही.

दोघांत खेळणं आणि चार-पाच जणांत खेळणं यात फरक काय?

खूप. ७१ टाइल्स दोघांत वाटल्या तर प्रत्येकाला ३५-३६ पाळ्या मिळतात. पाच जणांत जेमतेम १४ किंवा १५. मीपल मात्र दोन्हीकडे सातच. पाच जणांत दर दुसऱ्या पाळीला एक मीपल ठेवला आणि एकही परत आला नाही, तरी डाव जवळपास निभावतो. दोघांत तसं केलंत तर अर्ध्याच्याही आधी हात रिकामा. म्हणून दोघांच्या डावात मीपल किती लवकर परत येतो हे पाहिलं पाहिजे, आणि मोठ्या टेबलावर मीपल कुठे सगळ्यात जास्त गुण देईल हे.

दुसरा फरक माणसांचा. दोघांत प्रतिस्पर्ध्याचे पाच गुण घालवणं म्हणजे आपले पाच मिळवण्यासारखंच. चार जणांत एकाला अडवण्यात पाळी घालवली तर उरलेले दोघं फुकट पुढे जातात. तिथे एखाद्याशी शहर वाटून घेणं शहाणपणाचं. दोघं मिळून टाइल्स ठेवता, शहर लवकर पूर्ण होतं, आणि गुण दोघांना पूर्ण मिळतात. पिछाडीवर असलेल्याशी भागीदारी केलेली बरी, आघाडीवर असलेल्याला मात्र ती देऊ नये.

या खेळाच्या विश्वस्पर्धेत लढती दोघांतच होतात आणि फक्त मूळ संच वापरतात. दोघांच्या डावात नशिबाला लपायला सगळ्यात कमी जागा असते.

शेतकऱ्यांचा नियम कुणालाच नीट समजत नाही. सोपा करून सांगाल?

मीपल शहर, रस्ता किंवा मठावर उभा न करता हिरव्या भागावर आडवा ठेवला की तो शेतकरी. तो डाव संपेपर्यंत उठत नाही. त्याचे गुण फक्त शेवटी मिळतात: त्याच्या शेताला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण शहराचे ३. शहर कुणी बांधलं याला महत्त्व नाही. अपुऱ्या शहराचं काहीच मिळत नाही. एका शेतात अनेकांचे शेतकरी असतील तर शहरासारखाच नियम: ज्याचे जास्त त्याला सगळं, सारखे असतील तर सगळ्यांना पूर्ण.

जुन्या नियमपुस्तिकेत शहरामागे ४ गुण होते आणि मोजण्याची पद्धतही वेगळी होती. तेव्हा प्रत्येक शहर एकदाच मोजायचे, त्याच्याभोवती सगळ्यात जास्त शेतकरी कुणाचे ते बघून. आता प्रत्येक शेत वेगळं मोजतात. एक शहर दोन-तीन शेतांना लागून असेल तर ते प्रत्येक शेतात धरलं जातं. हे कितीतरी सोपं आहे.

गोंधळ होतो तो शेताची हद्द ठरवताना. शेत तोडणाऱ्या गोष्टी म्हणजे रस्ता, शहराचा तट आणि नदी, बाकी काही नाही. शंका आली तर बोट हिरव्यावर ठेवून चालवत न्या. रस्ता किंवा तट न ओलांडता बोट जिथपर्यंत जातं तिथपर्यंत एकच शेत. तिठ्याच्या टाइलवर तीन शेतं होतात, चौकाच्या टाइलवर चार. मठावर रस्ता येऊन संपतो त्या टाइलवर मात्र शेत तुटत नाही, कारण हिरवळ मठाला वळसा घालून पलीकडे जाते. हे हमखास नजरेतून सुटतं आणि शेवटी दहा-बारा गुणांचा फरक पडतो.

शेतकरी कधी ठेवायचा?

फार लवकर ठेवला तर सातातला एक माणूस डावभर गेला, शिवाय इतरांना त्या शेतात घुसायला भरपूर वेळ मिळतो. फार उशीर केला तर चांगलं शेत दुसऱ्याचं झालेलं असतं. माझा कल असा: एखाद्या सलग शेताला दोन-तीन शहरं पूर्ण झालेली किंवा होण्याच्या बेतात दिसली, आणि ते शेत मधल्या भागात पसरत चाललं असेल, की शेतकरी ठेवून टाकावा. साधारण डावाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात ही वेळ येते. पाच शहरं लागलेल्या शेताचे १५ गुण होतात, आणि एका मीपलने डावभरात तेवढे मिळवणं दुसरीकडे सोपं नाही. शेवटच्या काही पाळ्यांत हातात उरलेले मीपल तर शेतात टाकावेतच. एक-दोन शहरांचं छोटं शेत असलं तरी ३ किंवा ६ गुण फुकटचे.

शेतात बहुमत मिळवण्याची लढाई शहरातल्या घुसखोरीसारखीच चालते. फरक इतकाच की शेतं रस्त्याच्या एका टाइलने तोडता येतात. तुमच्या शेताकडे कुणाचा शेतकरी सरकत असेल तर मध्ये रस्ता घाला.

मीपल कधी ठेवावा आणि कधी हात आखडता घ्यावा?

टाइल ठेवली म्हणून मीपल ठेवलाच पाहिजे असं नाही. नवा खेळाडू पहिल्या सात पाळ्यांत सातही ठेवून मोकळा होतो आणि मग मठाची टाइल हातात येते तेव्हा ठेवायला माणूसच नसतो. शेवटच्या टप्प्यापर्यंत एक मीपल कायम हातात ठेवावा असं मला ठामपणे वाटतं.

मीपल ठेवताना दोन प्रश्न विचारा: किती गुण मिळतील, आणि किती पाळ्या तो अडकेल? चार गुणांचं छोटं शहर दोन पाळ्यांत माणूस परत देतं. चौदा-सोळा गुणांचं मोठं शहर आठ-दहा पाळ्या घेतं, त्यात कुणी घुसण्याची किंवा अडवण्याची भीती, आणि अपुरं राहिलं तर निम्मे गुण. मोठं शहर दिसायला भव्य असतं आणि ते उभं करताना आनंदही होतो, पण शांतपणे डाव जिंकणारा बहुतेक वेळा छोटी शहरं, मठ आणि एक चांगलं शेत यांवर जिंकतो. एका वेळी एकच मोठं शहर हाती घ्यावं.

रस्त्यांवर मीपल ठेवणं अनेकांना कमीपणाचं वाटतं. तीन टाइल्सचा रस्ता दोन पाळ्यांत बंद होणार असेल तर जरूर ठेवा. पण दोन्ही टोकं मोकळी असलेला लांबच लांब रस्ता म्हणजे माणूस गहाण टाकणं.

कोणत्या टाइल्स किती आहेत हे लक्षात ठेवायला हवं का?

सगळ्या नाही, पण काही आकडे फार उपयोगी पडतात. चारही बाजूंना शहर असलेली टाइल एकच आहे. चारही बाजूंना रस्ता असलेली, म्हणजे चौक, तोही एकच. शहर नसलेले तिठे ४. मठ एकूण ६, त्यातल्या २ मठांना रस्ता आहे. साधे वळणाचे रस्ते ९ आणि सरळ रस्ते ८, त्यामुळे या जागा भरतातच. तीन बाजूंना शहर आणि चौथीला हिरवळ अशा ४ टाइल्स, चौथीला रस्ता अशा ३.

याहून महत्त्वाचं म्हणजे मूळ संचात काय नाही. समोरासमोर दोन बाजूंना शहर आणि उरलेल्या दोन बाजूंत कुठेही रस्ता, अशी टाइल नाही. लगतच्या दोन बाजूंना शहर, एकीकडे रस्ता आणि एकीकडे हिरवळ, अशीही नाही. एका बाजूला शहर, एका बाजूला एकच रस्ता आणि बाकी हिरवळ, हीसुद्धा नाही. एखाद्या मोकळ्या जागेला अशी मागणी निर्माण झाली की ती जागा कायमची मेली. तिथे ज्याचं शहर अडकलं त्याचा सरदारही अडकला.

अशी जागा मुद्दाम अडवणं खिलाडूपणाला धरून आहे का?

आहे. तो खेळाचा भाग आहे आणि कौशल्याचाही. फक्त आपली टाइल वाया घालवून अडवू नका. जिथे अडवतानाच आपला रस्ता वाढतो किंवा मठाची एक बाजू भरते, ती जागा शोधा. लहान मुलांबरोबर खेळताना मात्र मी अडवाअडवी करत नाही. त्यांना शहरं पूर्ण होताना बघायची असतात, आणि ती त्यांनी बघावीत.

मठ कुठे ठेवावा?

जिथे शेजारी आधीच चार-पाच टाइल्स आहेत तिथे. कडेला एकटा ठेवलेला मठ डावभर माणूस धरून बसतो. दोन मठ शेजारी आले तर एक टाइल दोघांना उपयोगी पडते. मठात दुसऱ्या कुणाला घुसता येत नाही, म्हणून त्याचे गुण सगळ्यात सुरक्षित.

हा नशिबाचाच खेळ नाही का?

टाइल नशिबाने येते, त्यामुळे एखादा डाव नशिबावर जाऊ शकतो. पण आलेली टाइल ठेवायला बहुतेक वेळा भरपूर जागा असतात, आणि सराव असलेला माणूस नवख्याशी सलग डाव खेळला तर निकाल बोलका असतो. नेमक्या एकाच टाइलची वाट बघत बसणाऱ्याला नशीब आड येतं. ज्याच्या नकाशात एकाच वेळी चार-पाच प्रकारच्या टाइल्सना चांगली जागा आहे, त्याला क्वचितच.

नदी आणि अ‍ॅबट वापरावेत का?

नदी जरूर. १२ टाइल्सची ही नदी साध्या सुरुवातीच्या टाइलऐवजी आधी मांडतात, उगमापासून तळ्यापर्यंत. नदीवर मीपल ठेवता येत नाही, पण त्या टाइलवरच्या शहरावर, रस्त्यावर, शेतावर येतो. नदीचं वळण लागोपाठ दोनदा एकाच दिशेला घेऊ नये, नाहीतर ती उलटी फिरते. नदीमुळे नकाशा सुरुवातीपासून पसरतो आणि मधलं एकच प्रचंड शेत तयार होत नाही, हा तिचा मोठा गुण.

अ‍ॅबट मठावर किंवा टाइलवरच्या बागेवर बसतो. बागेचे गुण मठासारखेच. त्याचं वैशिष्ट्य असं की ज्या पाळीत तुम्ही दुसरा मीपल ठेवणार नाही, त्या पाळीत त्याला परत बोलावून तोवरचे गुण घेता येतात. अडकलेला माणूस सोडवता येणं ही या खेळात छोटी गोष्ट नाही.

पहिलं मोठं विस्तारक कोणतं घ्यावं?

सराया आणि कथीड्रल (मोठी चर्च) असलेलं, २००२ चं. त्यात १८ टाइल्स आहेत, सहाव्या खेळाडूचे मीपल आहेत आणि प्रत्येकाला एक मोठा मीपल मिळतो. बहुमत मोजताना तो दोन माणसांएवढा. रस्त्याकाठी सराय असेल तर पूर्ण रस्त्याला टाइलमागे २ गुण, पण अपुरा राहिला तर शून्य. कथीड्रल असलेल्या पूर्ण शहराला टाइलमागे आणि ढालीमागे ३, अपुऱ्याला शून्य. प्रतिस्पर्ध्याच्या मोठ्या शहरात कथीड्रल टाकून त्यालाच अडचणीत आणता येतं. मूळ खेळाचा स्वभाव न बदलता जोखीम वाढवणारं हे विस्तारक आहे.

त्यानंतर व्यापारी आणि बांधकाम करणारे, २००३ चं. त्यातल्या बांधकाम करणाऱ्यामुळे एका पाळीत दुसरी टाइल मिळू शकते. शिवाय शहर पूर्ण करणाऱ्याला त्यातला माल मिळतो, शहर कुणाचंही असो. माल हवा म्हणून लोक एकमेकांची शहरं पूर्ण करायला लागतात, हा बदल मला फार आवडतो. ड्रॅगनचं विस्तारक काहींना आवडतं. पण त्यात ठेवलेले मीपल अचानक उचलले जातात, आणि ज्यांना मूळ खेळातली आखणी भावते त्यांना ते पटेलच असं नाही. एकदम तीन-चार विस्तारकं मिसळू नका. डाव लांबतो आणि शेतांची हद्द शोधण्यातच अर्धा तास जातो.

शेवटची मोजणी कोणत्या क्रमाने करावी?

शेवटची टाइल ठेवणाऱ्याची पाळी नेहमीसारखी पुरी होऊ द्या. मग आधी अपुरे रस्ते, अपुरी शहरं आणि अपुरे मठ मोजा, आणि मोजून झालेला मीपल लगेच नकाशावरून उचला. शेवटी फक्त आडवे शेतकरी उरतात, आणि मग शेतं स्वच्छ दिसतात. एका वेळी एकच शेत घ्या, बोटाने हद्द फिरवा, लागलेली पूर्ण शहरं मोठ्याने मोजा आणि त्या शेतातले शेतकरी उचलून पुढच्या शेताकडे जा. एका शेतात तुमचे दोन शेतकरी असले तरी गुण एकदाच मिळतात.

गुण सारखे झाले तर?

दोघंही जिंकले. वेगळा निकष नियमांत नाही आणि शोधूही नये.